लेपाची गोळी आणि नॅनोकण: थांबा कोणाला कळतो, गल्ली कोणाला?

अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि जखमा. त्यासाठी मेसालामाइन या सूज उतरवणाऱ्या औषधाची लेप दिलेली गोळी लिहून देताना डॉक्टर बजावतात, ‘तोडू नका, चावू नका.’ पुढे कुठेतरी ‘मोठ्या आतड्यात औषध नेणारे नॅनोकण’, म्हणजे औषध भरलेले अतिसूक्ष्म कण, वाचनात येतात आणि आपली गोळी त्यातलीच, असा समज होतो. तसं नाही.

गोळीची सगळी करामत लेपात असते. जठरात पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) साधारण 1 ते 3. लहान आतड्याच्या शेवटाला तो 7 च्या आसपास, बहुतेकांत थोडा वरच. युड्रॅजिट एस हा लेप 7 च्या पुढे विरघळतो. म्हणजे लेपाला थांबा कळतो, गल्ली नाही. तिथे उतरवून दिलं की त्याचं काम संपलं; मग औषध जखमेवरही पसरतं आणि धडधाकट अस्तरावरही. पीएच माणसागणिक बदलतो, जुलाबात गोळी घाईने पुढे ढकलली जाते. काहींना शौचात अख्खी गोळी दिसते. बऱ्याचदा ते रिकामं टरफल असतं, पण कधी गोळी खरंच न उघडता गेलेली असते. वारंवार दिसलं तर डॉक्टरांना सांगावं.

नॅनोकणांचा डाव वेगळा. 100 नॅनोमीटरचा कण म्हणजे केसाच्या जाडीचा जेमतेम हजारावा भाग. सूज आली की आतड्याच्या अस्तरातल्या पेशींमधले सांधे सैल पडतात, तिथे रोगप्रतिकारक पेशी गोळा होतात आणि कण नेमके त्या जागी अडकून राहतात. 2001 साली संशोधक लाम्प्रेश्ट आणि सहकाऱ्यांना उंदरांच्या सुजलेल्या आतड्यात 100 नॅनोमीटरचेच कण सर्वाधिक चिकटलेले दिसले. इथवर ऐकून हुरळून जायला होतं. पण 2013 मध्ये रुग्णांवर, तेही गुदमार्गे कण देऊन, पाहिलं तेव्हा जखमांवर साठले ते 3 मायक्रोमीटरचे, म्हणजे 3000 नॅनोमीटरचे, मोठे कण. नॅनोकणांचा मागमूसच काय तो दिसला. त्यामुळे ‘जितकं बारीक तितकं गुणकारी’ हे मला तरी पटत नाही.

शिवाय तोंडाने घेतलेले उघडे, म्हणजे लेप नसलेले, नॅनोकण वाटेतच औषध गळू देतात. म्हणून संशोधक ते लेपाच्या कॅप्सूलमध्ये भरतात. लेप थांब्यापर्यंत नेणार, पुढची गल्ली कणांनी शोधायची.

मेडिकलमधून आणलेल्या लेपाच्या गोळीला मात्र तिच्या लेपाचाच आधार. ती अर्धी केली, तर मेसालामाइन लहान आतड्याच्या सुरुवातीलाच रक्तात शोषलं जातं आणि लघवीवाटे निघून जातं. जखमेपर्यंत पोहोचायला फारसं उरतच नाही.