गोव्यात पहिल्यांदाच घर भाड्याने देताय? कागद कुठले, फॉर्म कुठे आणि चावी कधी द्यायची

फोंडा, डिचोली, म्हापसा, कुठेही बघा, घर भाड्याने द्यायचं ठरलं की भाडं किती सुटेल याचीच चर्चा होते आणि कागदांची आठवण येते ती भाडेकरू टेम्पोत सामान घालून दारात उभा राहिल्यावर. मग झेरॉक्सच्या दुकानातून छापील ॲग्रीमेंट आणायचं, नावं भरायची, दोन सह्या, झालं. माझं मत विचाराल तर क्रम उलटा पाहिजे. आधी स्वतःचे कागद, मग ॲग्रीमेंट, मग पोलीस स्टेशन आणि चावी सगळ्यात शेवटी.

आता घर द्यायचा हक्क नक्की कोणाला आहे ते बघू. सेल डीड करून घेतलेला फ्लॅट असेल तर फारसा प्रश्न नाही. पण आपल्याकडे बरीच घरं अजून आजोबांच्याच नावावर असतात, एक-चौदाच्या उताऱ्यावर (जमिनीच्या हक्कांची सरकारी नोंद) त्यांचं नाव, घरपट्टी वडलांच्या नावावर, लाईटचं बिल तिसऱ्याच कोणाच्या तरी नावावर, आणि मुंबईला असलेल्या काकाचा हिस्सा आहे तो वेगळाच. वारसांचं डीड ऑफ सक्सेशन (वारस कोण ते नोंदवणारा कागद) किंवा इन्व्हेंटरी (कोर्टातून वारसांत मालमत्तेची वाटणी) झाली नसेल तर ते पूर्ण होईपर्यंत घर रिकामं ठेवायची गरज नाही, पण सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती घेऊन ठेवा, भाडं कोण घेणार आणि कसं वाटणार तेही त्यातच लिहा. काका आज फोनवर ‘दे रे, माझं काय जातंय’ म्हणतो, पण दोन वर्षांनी काकाचा जावई विचारायला येतो!

नवरा-बायकोचंही तसंच. गोव्याच्या कौटुंबिक कायद्यात, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, मालमत्तेत दोघांचा अर्धा-अर्धा वाटा असतो. घर विकताना दोघांची सही लागतेच, भाड्याच्या ॲग्रीमेंटवरही दोघांची घेतलेली बरी. कागदावर एकाचंच नाव आहे म्हणून दुसऱ्याला बाहेर ठेवू नका, याचा संबंध पुढे इन्कम टॅक्सलाही येणार आहे.

फाईलमध्ये काय काय हवं ते सांगतो. मालकीचा कागद, म्हणजे सेल डीड किंवा एक-चौदा, शहरात असाल तर सिटी सर्व्हेचा फॉर्म डी, तोही हक्काचा उताराच. पंचायतीची किंवा पालिकेची चालू वर्षाची घरपट्टीची पावती. ऑक्युपन्सी सर्टिफिकेट, म्हणजे घर राहायला योग्य असल्याचा पंचायतीचा किंवा पालिकेचा दाखला. लाईट आणि पाण्याचं शेवटचं भरलेलं बिल. मालकांचं आधार आणि पॅन. सोसायटी असेल तर तिची एनओसी, आणि मेंटेनन्स थकलेला असेल तर तो भरूनच एनओसी मागायला जा, नाहीतर सेक्रेटरी आधी तेच काढतो. भाडेकरूकडून फोटो, आधार, पॅन, मूळ गावाचा पत्ता आणि नोकरीचं ओळखपत्र घ्यायचं, कुंडई-वेर्णाच्या कंपनीतला असेल तर कंपनीचं, विद्यार्थी असेल तर कॉलेजचं आणि शिवाय पालकांचा नंबर. घरात राहणार तेवढ्या सगळ्यांचे कागद घ्या, नुसता सही करणाऱ्याचा घेऊन चालत नाही. रूम एकाने घ्यायची आणि राहायचं सहा जणांनी, हे नवीन नाही.

ॲग्रीमेंट बहुतेक जण अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स करतात, म्हणजे घर नुसतं वापरायची परवानगी, लीजसारखा भाडेपट्ट्याचा हक्क नाही. अकराच का, तर एक वर्षाहून जास्त मुदतीच्या लीजची नोंदणी १९०८ च्या रजिस्ट्रेशन कायद्याने सक्तीची आहे, म्हणून सब-रजिस्ट्रारकडे जावं लागू नये एवढ्यासाठी अकरा. इथे एक गैरसमज फार आहे, नोटरीचा शिक्का मारला म्हणजे रजिस्टर झालं असं लोकांना वाटतं. नोटरी म्हणजे रजिस्ट्रेशन नव्हे. तीन वर्षांचं लीज करून नुसतं नोटरी केलंत तर उद्या कोर्टात तो कागद लीजचा पुरावा म्हणून उभा राहत नाही. लांब मुदतीचा चांगला भाडेकरू मिळाला, समजा बँक किंवा क्लिनिक, तर स्टॅम्प ड्युटी भरून सरळ तालुक्याच्या सब-रजिस्ट्रारकडे रजिस्टर करा.

दुसरी गोष्ट, वर ‘लिव्ह अँड लायसन्स’ लिहिलं म्हणून ते लायसन्स होत नाही. प्रत्यक्ष ताबा कोणाचा, व्यवहार कसा चाललाय, ते कोर्ट बघतं. आणि भाडेकरू ठरला तर १९६८ चा आपला रेंट कंट्रोलचा कायदा आहे, मग त्याला काढायचं तर भाडं थकलं, परस्पर दुसऱ्याला दिलं, असलं कायद्यातलं कारण दाखवावं लागतं, तुमच्या मनात आलं म्हणून कुलूप बदलता येत नाही. लाईट-पाणी तोडून त्रास द्यायचे उद्योग तर अजिबात नकोत.

जुन्या लोकांना अजून एक भीती असते, भाड्याने दिलं तर तो मुंडकार होऊन बसेल. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या, जमीनमालकाच्या, जागेतल्या घरात राहणारा आणि कायद्याने संरक्षण असलेला माणूस. ही भीती चुकीच्या जागी आहे. मुंडकार कायदा १९७५ चा आहे आणि भाटकाराला घराचं भाडं देऊन राहणारा माणूस त्यातल्या मुंडकाराच्या व्याख्येत बसत नाही. धोका उलट फुकटात राहू देण्यात आहे, ‘बिचारा राहू दे, भाटाकडे (बागायतीकडे) लक्ष ठेवील’ म्हणून वर्षानुवर्षं कागद नाही, पावती नाही. म्हणून भाडं थोडं असलं तरी चालेल, पण बँकेतून घ्या आणि पावती द्या.

ॲग्रीमेंटमध्ये भाडं, डिपॉझिट, मुदत, नोटीसचा महिना, परस्पर दुसऱ्याला न देण्याची अट हे सगळे लिहितातच. भांडणं होतात ती न लिहिलेल्या गोष्टींवरून. अंगणातल्या माडांचे नारळ कोणाचे? बांयचं, म्हणजे विहिरीचं, पाणी आणि पंप कोणी वापरायचा, पंपाचं बिल कोणाच्या मीटरवर? पावसाआधी कौलं परतायचा खर्च कोणाचा? आणि वडिलोपार्जित घराचा भाग देत असाल तर चवथीचं आत्ताच लिहा, गणपती ज्या सालात, म्हणजे दिवाणखान्यात, बसतो ते साल त्या दिवसांत मालकाकडे राहील आणि घरचे सगळे येतील-जातील. परगावच्या भाडेकरूला चवथ म्हणजे आपल्याकडे काय असतं ते माहीत नसतं आणि ऐन चवथीच्या आदल्या दिवशी सांगायला गेलात तर त्याचंही काही चुकत नाही. चावी देताना मीटरच्या रीडिंगचा फोटो काढा, पंखे, गिझर, ट्यूबलाईट मोजून लिहा, भिंतीवर आधीच ओल असेल तर तिचाही फोटो दोघांच्या व्हॉट्सॲपवर राहू दे.

पोलीस व्हेरिफिकेशन ऐच्छिक आहे असं अजून कोणी सांगत असेल तर ऐकू नका. पूर्वी कलेक्टरचे आदेश निघायचे, २०२४ मध्ये विधानसभेने भाडेकरूंची पडताळणी सक्तीची करणारा कायदाच केला आणि माहिती न देणाऱ्या मालकाला १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. फॉर्म जवळच्या पोलीस स्टेशनला द्यायचा, सोबत भाडेकरूचा फोटो, ओळखपत्राची प्रत आणि ॲग्रीमेंटची प्रत ठेवा. पोचपावती किंवा आपल्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका, उद्या काही झालं तर तोच शिक्का तुमच्या बाजूने बोलेल. एक माणूस सोडून गेला आणि त्याच्या जागी दुसरा आला तर त्याचा फॉर्म नव्याने भरायचा. भाडेकरू परदेशी असेल तर ज्याला सगळे फॉर्म सी म्हणून ओळखतात ती माहिती तो आल्यापासून २४ तासांच्या आत ऑनलाइन भरावी लागते. पेडणे-बार्देशच्या किनाऱ्याकडच्या मालकांना हे पाठ असतं, आतल्या गावात मात्र कोणी सांगत नाही.

आणि महिन्याने न देता एअरबीएनबीवर रात्रीच्या हिशोबाने द्यायचा विचार असेल तर तो विषयच वेगळा. ते घर १९८२ च्या टुरिस्ट ट्रेड कायद्याखाली पर्यटन खात्यात रजिस्टर करावं लागतं, मालकीचे कागद आणि घरपट्टी तिथेही मागतात. सोसायटीची घरगुती वापराची एनओसी त्याला चालेल असं धरून चालू नका.

राहिला टॅक्स. इथे गोंयकारांसाठी एक खास तरतूद आहे आणि बाहेरच्या सीएला ती पटकन आठवत नाही. १९६१ च्या इन्कम टॅक्स कायद्यातलं कलम ५ए, नव्या २०२५ च्या कायद्यात नंबर बदललाय एवढंच. आपल्या पोर्तुगीज सिव्हिल कोडखाली, म्हणजे वर सांगितलेल्या कौटुंबिक कायद्याखाली, येणाऱ्या जोडप्याचं भाड्याचं उत्पन्न दोघांत निम्मं-निम्मं वाटून दोघांच्या रिटर्नमध्ये दाखवायचं असतं. पगाराला हे लागू नाही, पगार ज्याचा त्याचा. समजा महिना १५,००० भाडं आहे, वर्षाचे झाले १,८०,०००. त्यातून भरलेली घरपट्टी ३,००० वजा केली, राहिले १,७७,०००. त्यावर ३० टक्के म्हणजे ५३,१०० सरसकट वजावट, उरले १,२३,९००. नवऱ्याच्या रिटर्नमध्ये ६१,९५० आणि बायकोच्या रिटर्नमध्ये ६१,९५०. घरपट्टी वजा मिळते ती त्या वर्षात मालकाने खरोखर भरलेलीच, म्हणून पावती जपा. अशा जोडप्याला ‘सहज’ नावाचा रिटर्नचा साधा फॉर्म, म्हणजे आयटीआर-१, चालत नाही, वेगळा फॉर्म घेऊन त्यात शेड्यूल ५ए भरायचं. बायकोला दुसरं उत्पन्न नसलं तरी तिचा वाटा तिचाच. महाराष्ट्रातून येऊन इथे फ्लॅट घेतलेल्या आणि गोव्याचा कौटुंबिक कायदा लागू नसलेल्या जोडप्याला मात्र ही वाटणी नाही, त्यांनी नेहमीसारखं मालकाच्या नावाने दाखवायचं.

महिन्याचं भाडं ५०,००० च्या वर असेल तर भाडेकरू २ टक्के टीडीएस (भाडं देतानाच कापून सरकारला भरायचा टॅक्स) कापतो, तो कापला की सर्टिफिकेट मागून घ्या. भाडेकरू घर सोडेल तेव्हा लाईट-पाण्याचं शेवटचं बिल आल्यावरच डिपॉझिट परत करा, हिशोब कागदावर मांडून त्यावर दोघांच्या सह्या घ्या आणि सगळ्या चाव्या, ड्युप्लिकेट धरून, मोजून ताब्यात घ्या.