युक्रेनची कला: आधुनिक कोणती, समकालीन कोणती?

बोलताना आपण ‘आधुनिक’ म्हणजे आजचं असंच धरतो. चित्रकलेत मात्र तो शब्द होऊन गेलेल्या एका काळाचा आहे. आपल्या हयातीत घडतंय ते समकालीन. युक्रेनच्या बाबतीत या दोन शब्दांची गल्लत झाली, तर मधला एक भयंकर काळ नजरेतूनच सुटतो.

तिथली आधुनिक कला साधारण १९०० ते १९३० च्या दशकापर्यंतची. ‘काळा चौकोन’ या चित्राचा चित्रकार काझिमिर मालेविच मूळचा कीवचा. त्याने आणि चित्रकार अलेक्सांद्रा एक्स्टरने काढलेल्या आकृत्या वेर्बिव्का गावातल्या बायकांनी कापडावर भरल्या. अमूर्त कला आणि खेड्यातलं भरतकाम असं एकाच धाग्यात आलं.

मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो मिखाइलो बोइचुक. बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या ख्रिस्ती साम्राज्यातल्या, धर्मचित्रांची मांडणी आणि अंड्याच्या बलकात कालवलेले रंग घेऊन त्याने शेतकरी आणि कामकरी रंगवले. नवं काही करायचं म्हणून तो शेकडो वर्षं मागे गेला! १३ जुलै १९३७ ला सोव्हिएत सत्तेने त्याला गोळी घातली, पादाल्का आणि सेद्ल्यार या शिष्यांनाही. डिसेंबरात त्याची पत्नी सोफिया नालेपिन्स्काही गेली, तशीच गोळीने. ती स्वतः लाकडावर कोरून छापचित्रं करायची. बोइचुक आणि त्याच्या शिष्यांची बहुतेक भित्तिचित्रं नष्ट झाली. अशा कलावंतांची कितीतरी चित्रं कीवच्या संग्रहालयात ‘विशेष साठा’ म्हणून कुलपात गेली.

त्यानंतर कित्येक दशकं सरकारमान्य समाजवादी वास्तववादच चालला, म्हणजे सोव्हिएत जीवनाचा गौरव करणारी हुबेहूब चित्रं. म्हणून युक्रेनमध्ये समकालीन कला आधुनिक कलेतून सरळ उगवलेली नाही. तिची सुरुवात बरेच जण १९८७ पासून धरतात, साव्हादोव्ह आणि सेन्चेन्को या चित्रकारांच्या ‘क्लिओपात्राचं दुःख’ या प्रचंड कॅनव्हासपासून. पुढे बोरिस मिखाइलोव्हने खार्किव्ह शहरातल्या बेघरांचे फोटो काढले, बघवत नाहीत इतके उघडे.

आधुनिकांची झुंज रंग आणि आकाराशी होती. समकालीनांना रंगच लागतो असं नाही. झान्ना कादिरोव्हाने २०२२ मध्ये नदीतले गोटे पावासारखे कापून मांडले आणि नाव दिलं ‘पाल्यानित्सिया’. पावाचा हा प्रकार युक्रेनी घरोघरी असतो, पण रशियन माणसाची जीभ या शब्दावर अडखळते. युद्धात परका ओळखायला तो शब्द वापरला गेला. हे ठाऊक नसेल तर समोर नुसते दगड.

पाव्लो माकोव्हचं ‘थकव्याचं कारंजं’ही तसंच. ७८ नरसाळी त्रिकोणात लावलेली. वरून सोडलेलं पाणी प्रत्येक नरसाळ्यात दुभंगतं आणि तळाशी जेमतेम थेंब पोचतात. कल्पना १९९५ ची, खार्किव्हमधली. फेब्रुवारी २०२२ मध्ये आक्रमण सुरू झालं, तेव्हा प्रदर्शनाची आखणी करणारी क्युरेटर मारिया लान्को ती नरसाळी गाडीत घालून कीवमधून निघाली, व्हेनिसच्या बिएनालेसाठी, म्हणजे तिथे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनासाठी. त्याच वर्षी नोव्हेंबरात कीवहून ट्रक निघाले माद्रिदकडे, तिथल्या प्रदर्शनासाठी. त्यांत होती आधुनिकांची चित्रं.