पिगमेंट शाईच्या बाटलीत काय असतं

"डाय शाई महिनोन्‌महिने पडून राहिली तरी तिला काही होत नाही, मग तुमच्या पिगमेंटचेच एवढे नखरे का?" आम्ही इंकजेट प्रिंटरसाठी पिगमेंट शाई बनवतो, त्यामुळे हा प्रश्न आम्हाला सतत विचारला जातो आणि तो रास्त आहे.

साखर पाण्यात विरघळते तसा डाय विरघळतो. पिगमेंट विरघळत नाही. ती शेवटपर्यंत पूडच राहते, फक्त फार बारीक. आमच्या काळ्या शाईतला कण साधारण 100 नॅनोमीटरचा असतो, म्हणजे 20 मायक्रॉनच्या नोझलच्या, शाईचा थेंब सुटतो त्या बारीक छिद्राच्या, दोनशेवा भाग. विरघळलेला नसल्यामुळेच तो कागदाच्या वरच्या थरात अडकून राहतो, पाणी लागलं तरी रंग फुटत नाही आणि उजेडात चटकन उडत नाही. पण म्हणूनच त्याला पाण्यात तरंगत ठेवण्याचं काम मागे लागतं. बाटली उघडेपर्यंत ते आमचं, नंतर थोडं तुमचं.

एवढे बारीक कण एकमेकांना चिकटायला टपलेलेच असतात. आम्ही ते बीड मिलमध्ये झिर्कोनिया या कठीण सिरॅमिकच्या मण्यांबरोबर तासन्‌तास दळतो आणि दळतानाच डिस्पर्संट घालतो. हे एक पॉलिमर. त्याचा एक भाग कणाला धरून बसतो, दुसरा पाण्यात पसरतो आणि त्यावर ऋण विद्युतभार असतो. सारख्या भाराचे कण एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून गुठळी होत नाही. हा भार टिकावा यासाठी शाई किंचित अल्कधर्मी ठेवावी लागते, पीएच 8 ते 9.

या भाराचा खरा वैरी म्हणजे जड पाणी. त्यातलं कॅल्शियम भार मारून टाकतं आणि कण एकत्र येतात. सुरुवातीच्या दिवसांत आमच्याकडेच एकदा मिक्सिंगची टाकी शेवटी नळाच्या पाण्याने विसळली गेली. तळाशी राहिलं असेल तांब्याभर पाणी. दुसऱ्या दिवशी एक मायक्रॉनचा फिल्टर पाच मिनिटांत तुंबला आणि अख्खा घाणा टाकून द्यावा लागला. तेव्हापासून आमच्याकडे विसळायलासुद्धा डीआयोनाइज्ड, म्हणजे क्षार काढून टाकलेलं पाणीच वापरतात.

बाटलीत सगळ्यात जास्त असतं ते पाणीच, बहुतेक रंगांत 60 ते 75 टक्के. पिगमेंट अवघं 3 ते 5 टक्के. ग्लिसरीन आणि ग्लायकॉल असतात ते नोझलच्या तोंडाशी शाई वाळू नये म्हणून. ते वाढवले तर नोझल खूश, पण प्रिंट हाताला ओली लागते. घासून रंग निघू नये म्हणून थोडं रेझिन घालतो. ते जास्त झालं की नोझलवरच पापुद्रा धरतं. बुरशी लागू नये म्हणून नावापुरतं बायोसाइड.

सर्फॅक्टंट म्हणजे पृष्ठताण उतरवणारं साबणासारखं रसायन. त्याचं प्रमाण टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी, पण आमची निम्मी डोकेदुखी तेच. पाण्याचा पृष्ठताण 72 मिलिन्यूटन प्रति मीटर, तो आम्हाला 30 ते 35 वर आणायचा असतो. फार उतरला तर शाई नोझलच्या पट्टीवर पसरते आणि थेंब तिरके उडतात. चढा राहिला तर कागदावर थेंब नीट पसरत नाही.

ऑर्डर घेताना आम्ही प्रिंटरच्या हेडचं, म्हणजे नोझल असलेल्या भागाचं, मॉडेल विचारतो, तेव्हा काहींना उगाच चौकशी वाटते. थर्मल हेडमध्ये हीटर क्षणभर 300 अंशांच्या आसपास तापतो आणि वाफेचा बुडबुडा शाईला ढकलतो. तिथे शाई पातळ हवी आणि हीटरवर करपून थर धरणारं काही नको. पिझो हेडमध्ये स्फटिक आकुंचन-प्रसरण पावून दाब देतो. त्याला जरा दाट शाई चालते, पण हवा अजिबात चालत नाही. आत बुडबुडा अडकला की दाब तोच गिळून टाकतो आणि थेंब सुटतच नाही. म्हणून दोन्हींसाठी एकच बाटली देणं आम्हाला पटत नाही.

शाईत हवा मिसळू नये म्हणूनच बाटली खळखळ हलवू नका. झाकण घट्ट लावून आठ-दहा वेळा सावकाश उलटीपालटी करा. फेस आला तर बसू द्या, मगच टाकी भरा.

पांढऱ्या शाईची गोष्ट वेगळी. तिच्यात टायटॅनियम डायऑक्साइड असतं, पाण्याच्या चौपट जड. शिवाय कागद झाकला जावा म्हणून कण 200 ते 300 नॅनोमीटरचे ठेवावे लागतात, आणि कण दुप्पट मोठा झाला की चौपट वेगाने खाली बसतो. त्यामुळे पांढरी शाई साका धरणारच. आम्ही एवढंच पाहतो की साका मऊ राहावा आणि हलवल्यावर परत मिसळावा. पांढरी शाई भरलेलं मशीन रोज चालवत राहा.

हेड पुसायला स्पिरिट वापरू नका. त्याने डिस्पर्संटची पकड सुटून रेझिन आणि पिगमेंट जागीच गोठू शकतात. आमचं क्लीनिंग सोल्यूशन वापरा. शाई गारठून एकदा गोठली असेल तर पातळ झाल्यावरही मशीनमध्ये ओतू नका.

जुन्या शाईवर नवीन कंपनीची शाई ओतण्याआधी एक साधी चाचणी करा. दोन्ही शाया काचेच्या पेल्यात थोड्या-थोड्या मिसळून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी एक थेंब फिल्टर पेपरवर सोडा. रंग कडेपर्यंत सारखा पसरला तर चालेल. मधोमध गडद ठिपका आणि भोवती फिकट पाण्याचं कडं दिसलं, तर कण एकमेकांना चिकटलेत. अशा वेळी आधी पाइप आणि डॅम्पर (हेडच्या आधीची शाईची छोटी डबी) धुऊन घ्या. तक्रार करताना या कागदाचा फोटो आणि बाटलीवरचा बॅच नंबर पाठवा. त्या बॅचचा नमुना आम्ही राखून ठेवलेला असतो, त्याच्याशी ताडून पाहता येतं.