कापड एक, अवयव अनेक

पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयात झाव्हिए बिशा हा तरुण डॉक्टर शवविच्छेदनात बुडालेला असे. सूक्ष्मदर्शकावर त्याचा विश्वास नव्हता. त्या काळची भिंगं पाहता त्याला दोष तरी कसा द्यावा! तो शरीराचे तुकडे उकळायचा, वाळवायचा, कुजवायचा, आम्लात बुडवायचा. त्यातून त्याला कळलं, की हृदय, फुप्फुसं आणि पोट यांच्यावरची पातळ आवरणं एकसारखी वागतात. आजारीही एकसारखीच पडतात. अवयव वेगळे, कापड मात्र एकच. अशी २१ ‘कापडं’ त्यानं वेगळी काढली आणि १८०२ मध्ये, अवघ्या तिशीत तो गेला. प्राण्यांची शरीरं पेशींची बनलेली असतात, हे थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञानं मांडलं ते १८३९ साली.

या कापडांना आपण ऊती म्हणतो, आणि तो शब्दही विणण्याशीच नातं सांगतो. प्राण्यांत आता त्यांचे मुख्य चारच प्रकार मानतात: अभिस्तर (अस्तराची), संयोजी (जोडून-सांभाळून ठेवणारी), स्नायू आणि चेता (मज्जातंतूंची).

चारही एकत्र बघायच्या तर लहान आतड्याच्या भिंतीत. अन्नाला टेकलेलं अस्तर फक्त एका पेशीच्या जाडीचं. शेजारणी वरच्या कडेला एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या, की ग्लुकोजला बहुतांशी पेशीच्या आतूनच वाट काढावी लागते. या पेशी चार-पाच दिवसांत गळून पडतात, खालून नव्या सरकतात. त्याखाली रक्तवाहिन्या सांभाळणारी संयोजी ऊती (रक्तही याच घराण्यातलं, पातळ असलं म्हणून काय झालं). मग स्नायूंचे दोन थर, आतला गोलाकार, बाहेरचा उभा. आणि दोहोंच्या मध्ये चेतापेशींचं जाळं. आतड्याचा तुकडा शरीराबाहेर काढून कोमट, प्राणवायू मिसळलेल्या क्षारद्रवात ठेवला, तरी तो आतला ऐवज पुढे ढकलत राहतो. मेंदूचा हुकूम लागत नाही. सुटी स्नायूपेशी फार तर आखडेल. ढकलायला ही सगळी मांडणी हवी.

अवयवांच्या वरची पायरी, म्हणजे संस्था, मला मात्र थोडी आपल्या सोयीची वाटणी वाटते. स्वादुपिंड घ्या. त्याचा पाचकरस नळीतून आतड्यात उतरतो, म्हणून ते पचनसंस्थेत. पण १८६९ मध्ये पॉल लांगरहान्स या विद्यार्थ्याला त्यातच पेशींची छोटी बेटं दिसली. ती कशासाठी, हे त्याला उमगलं नाही. ती इन्शुलिन थेट रक्तात सोडतात, म्हणून स्वादुपिंड अंतःस्रावी संस्थेतही. सगळी बेटं मिळून ग्रंथीच्या जेमतेम एक-दोन टक्के भरतात. त्यांतल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी गेल्या, की मधुमेह होतो.