कलम 101 : कारखानदाराचा बचाव

कारखाने अधिनियम, 1948 मधील तरतूद. सुरक्षेच्या नियमाचा भंग झाला की कलम 92 खाली भोगवटादार (कारखान्यावर अंतिम नियंत्रण असणारा) व व्यवस्थापक दोघेही दोषी ठरतात. चूक आपल्या हातून झाली नाही, एवढे म्हणून सुटका होत नाही. खरा अपराधी दुसराच आहे हे सिद्ध करून सुटण्याची वाट कलम 101 देते. (नोव्हेंबर 2025 पासून या अधिनियमाची जागा 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली आहे; इथे सांगितली आहे ती जुन्या अधिनियमाची व्यवस्था.)

वाट अरुंद आहे, आणि ती अरुंदच हवी. मालकाने, म्हणजे आरोपी भोगवटादाराने वा व्यवस्थापकाने, स्वतः रीतसर फिर्याद द्यायची, सरकारपक्षाला किमान तीन पूर्ण दिवस आधी लेखी नोटीस द्यायची आणि त्या माणसाला कोर्टापुढे हजर करवायचे. तहकुबी मिळते ती जास्तीत जास्त तीन महिन्यांची. तोवर तो आला नाही तर खटला मालकावरच चालतो. शिवाय कायदा पाळला जावा म्हणून योग्य ती दक्षता घेतली होती आणि गुन्हा आपल्या नकळत, संमतीवाचून घडला, हेही मालकानेच शाबीत करायचे. ज्याच्यावर बोट दाखवले, त्याला मालकाची उलटतपासणी घेता येते.

पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावर) बोटे गेली की ‘कामगारानेच गार्ड (संरक्षक आवरण) काढला’ हे उत्तर ठरलेले. पण कलम 21 नुसार गार्ड नुसता बसवून भागत नाही, यंत्र चालू असताना तो जागेवर असावा लागतो. हात यंत्राबाहेर राहावेत म्हणून दोन हातांनी दाबायच्या बटणांपैकी एक चिकटपट्टीने दाबून ठेवलेले असेल आणि रोजची पाळी तशीच निघत असेल, तर सुपरवायझरला ते दिसलेच नाही हे कोणाला पटावे? प्रशिक्षणाच्या रजिस्टरवरच्या सह्या अशा वेळी फारशा कामाच्या नसतात. गार्ड नसलेला प्रेस सुपरवायझरने कधी बंद करायला लावला का, हे विचारले पाहिजे.

भोपाळ वायुदुर्घटनेनंतर 1987 च्या दुरुस्तीने जबाबदारी वर सरकवली. कंपनीचा भोगवटादार संचालकच असला पाहिजे, पगारी अधिकाऱ्याला पुढे करता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये जे. के. इंडस्ट्रीज खटल्यात कायम केले. त्याच दुरुस्तीतले कलम 104अ म्हणते, जेवढे केले त्याहून अधिक करणे व्यवहार्य नव्हते हे आरोपीनेच दाखवावे.

मुदतीचा बचाव वेगळा: कारखाना निरीक्षकाला गुन्हा कळल्यापासून तीन महिन्यांत तक्रार दाखल झाली नाही, तर न्यायालय दखल घेत नाही.