टीएसएच ६.८ आणि टीएसएच ६२

आमच्या घरात दोघींचे रिपोर्ट एकाच महिन्यात आले. आई ७८ वर्षांची, टीएसएच (थायरॉइडला चालना देणारा हार्मोन) ६.८. मावशी ७१ची, टीएसएच ६२. दोन्ही आकडे लॅबने ठळक छापलेले, दोन्हींपुढे वर जाणारा बाण. नातेवाइकांनी लगेच सांगून टाकलं, "दोघींनाही थायरॉइड आहे." या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतात आणि त्याचा त्रास म्हाताऱ्या माणसांना होतो.

टीएसएच थायरॉइडमधून येत नाही, तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतो. गळ्यातली थायरॉइड कमी पडू लागली की पिट्युटरी तिला हाका मारते, आणि जराशा कमतरतेलाही ती मोठ्याने ओरडते. त्यामुळे टी-फोर हा थायरॉइडचा खरा हार्मोन पुरेसा असतानाही टीएसएच वाढलेला दिसू शकतो. आईचं तसंच होतं, तिचा फ्री टी-फोर, म्हणजे रक्तात मोकळा असलेला टी-फोर, नॉर्मल होता. याला सबक्लिनिकल हायपोथायरॉइडिझम म्हणतात. मावशीचा फ्री टी-फोर मात्र पार खाली गेला होता.

मावशी भर मे महिन्यात पंखा बंद करून शाल घेऊन बसायची. आवाज घोगरा, बोलणं संथ, पोट साफ नाही, डोळ्यांभोवती सूज. कोलेस्टेरॉलही वाढलेलं, कारण थायरॉइडचा हार्मोन कमी पडला की यकृत रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, नीट उचलत नाही. डॉक्टरांनी टाचेच्या वरच्या धोंडशिरेवर छोटी हातोडी मारली. पाऊल हललं, पण जागेवर परत यायला त्याला वेळ लागला, थायरॉइड कमी पडल्याची ही खूण. ते सावकाश परतणारं पाऊल मी विसरलेलो नाही, कारण वर्षभर आम्ही सगळे "वय झालं आता" म्हणत होतो.

आईला थकवा होता, झोप कमी होती, एवढंच. वय वाढतं तसा टीएसएच थोडा वर सरकतोच. लॅबची चार-साडेचारची मर्यादा मात्र तिशीतल्या मुलीला आणि ऐंशीच्या आजीला एकच लावली जाते. मोठ्या आजारातून उठल्यावरही तो काही काळ वाढलेला राहतो आणि मग आपोआप उतरतो. म्हणून एका रिपोर्टवर गोळी सुरू करणं मला पटत नाही. दोन-तीन महिन्यांनी फ्री टी-फोरसह पुन्हा तपासावं.

२०१७ साली युरोपातला ट्रस्ट नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पासष्टीपुढचे, सबक्लिनिकल असलेले ७३७ जण. निम्म्यांना थायरॉक्सिन, म्हणजे टी-फोरचीच गोळी, निम्म्यांना औषध नसलेली गोळी. वर्षभराने औषधवाल्यांचा टीएसएच छान खाली आला होता, थकवा मात्र दोन्ही गटांत सारखाच. आकडा सुधारला, माणसाला फरक पडला नाही. आणि डोस जास्त झाला तर म्हातारपणी हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, हाडं ठिसूळ होऊ शकतात. टीएसएच दहाच्या वर टिकून असेल तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टर गोळीचा विचार करतात. आईला गोळी दिली नाही. तिच्या थकव्यासाठी हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासायला सांगितलं.

मावशीला गोळी हवीच होती, पण तिला हृदयाचा त्रास असल्याने २५ मायक्रोग्रॅमपासून सुरुवात झाली. झोपलेल्या शरीराला एकदम पूर्ण डोस दिला तर हृदयावर ताण येतो. दर सहा-आठ आठवड्यांनी तपासून डोस वाढवला, कारण हे औषध रक्तात स्थिरावायलाच तेवढा वेळ घेतं. मध्येच टीएसएच उतरायचा थांबला. डबी उघडून पाहिली तर ती थायरॉइडची आणि कॅल्शियमची गोळी सकाळच्या चहाबरोबर एकत्रच घेत होती. कॅल्शियम ती गोळी शोषू देत नाही. आता थायरॉइडची गोळी उठल्या उठल्या पाण्याबरोबर, चहा तासाभराने आणि कॅल्शियम रात्री जेवल्यावर.