मत्स्य पेशीवंश

माशाच्या शरीराबाहेर, बाटलीत पिढ्यानपिढ्या वाढत राहणाऱ्या पेशींचा समूह. प्रयोगशाळेत याला सगळे ‘सेल लाइन’च म्हणतात. विषाणू जिवंत पेशीशिवाय वाढत नाही, म्हणून माशांचे विषाणू वेगळे काढून ओळखायला हे पेशीवंश लागतात.

खानदेशात ‘टिश्यू कल्चर’ म्हटले की रावेर-यावलची केळी आठवते. साम्य नावापुरतेच आहे. केळीच्या कंदातल्या कोंबापासून अख्खे रोप होते. माशाच्या पेशीपासून मासा होत नाही, पेशीच होतात. हेतूही उलटा. केळीचे रोप विषाणूमुक्त मिळावे म्हणून हा खटाटोप (पुढे शेतात मावा ‘हरण्या’ हा विषाणूरोग घेऊन येतो, ते वेगळे), तर माशाच्या पेशी विषाणूच्या तोंडी द्यायलाच वाढवतात.

रोहू-कटल्याचा पर, हृदय किंवा प्लीहा यांचे मिलिमीटरभर तुकडे प्रतिजैविकाने धुऊन बाटलीच्या तळाशी चिकटवतात. वर एल-15 हे पोषणद्रव्य आणि 10 ते 20 टक्के गोवंशीय भ्रूणाचे सीरम घालतात. काही दिवसांत तुकड्याच्या कडेने पेशी पसरू लागतात. तळ भरला की ट्रिप्सिन या विकराने सोडवून त्या नव्या बाटल्यांत वाटायच्या. एल-15 ला कार्बन डायऑक्साइडचा पुरवठा लागत नाही, त्यामुळे साधा इन्क्युबेटर चालतो. मात्र या पेशींना साधारण 28 अंश सेल्सियस मानवतात. जळगावच्या मे महिन्यात इन्क्युबेटर तापवण्यापेक्षा थंड ठेवणेच अवघड. जपून ठेवायचा वंश द्रव नायट्रोजनमध्ये, उणे 196 अंशांवर जातो.

माशाचा पहिला कायम वाढणारा वंश, आरटीजी-2, अमेरिकेत केन वुल्फ आणि क्विम्बी यांनी रेनबो ट्राउटच्या जननग्रंथीपासून तयार केला. 1962 मध्ये तो प्रसिद्ध झाला. भारतात लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोमध्ये अशा वंशांचे राष्ट्रीय भांडार आहे.

बाटलीवरच्या चिठ्ठीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. ईपीसी हा वंश 1983 पासून कार्प माशाचा म्हणून जगभर वापरला गेला. 2010 मध्ये तो फॅटहेड मिनो या भलत्याच माशाचा निघाला. ई-11 ची गंमत आणखी न्यारी. हा वंश आपल्या ओळखीच्या मरळीचा. इस्राएलमधील संशोधकांनी 2014 मध्ये वर्णन केलेला तिलापिया लेक विषाणू, म्हणजे चिलापी मारणारा विषाणू, याच पेशींत वाढवला गेला. पण ई-11 मध्ये मुळातच रेट्रोव्हायरस जातीचा दुसराच एक विषाणू ठाण मांडून बसलेला असतो. कोरी पाटी समजून वापरणारा फसतो. काही विषाणू तर हटवादी: कार्प एडिमा विषाणूसाठी उपयोगी पडेल असा वंश अजून हाती नाही, तिथे पीसीआरवरच (विषाणूचे जनुकद्रव्य शोधणाऱ्या चाचणीवर) भागवावे लागते.

गिरणेच्या किंवा हतनूरच्या पाण्यात मासा मरू लागला, तर पाठवायचा नमुना मरणपंथाला लागलेल्या माशाचा असावा; रात्री मेलेला, सकाळी फुगलेला नव्हे. प्लीहा, मूत्रपिंड, मेंदू बर्फावर ठेवून लवकर पोचवायचे. प्रयोगशाळेत ते वाटून 0.22 मायक्रॉनच्या गाळणीतून गाळतात आणि पेशींवर सोडतात. विषाणू असेल तर काही दिवसांत पेशींत पोकळ्या दिसतात, पेशी आकसतात आणि तळावरून सुटतात. काही दिसले नाही तरी तोच द्रव पुन्हा ताज्या पेशींवर घालून पाहतात. फॉर्मेलिनमध्ये बुडवून आणलेला मासा सूक्ष्मदर्शकाखाली बघायला ठीक, पेशीवंशाच्या कामाचा नाही. त्यातला विषाणू वाटेतच मेलेला असतो.